मागच्या बाकावरचं उत्तर

अंबिया बहराची संत्री बाजारात उतरली. आवक वाढली, भाव पडला आणि लोकांनी एक डझनाऐवजी दोन डझन घेतली. या व्यवहारात संत्र्यांच्या मागणीचा वक्र उजवीकडे सरकला, डावीकडे सरकला, की जागचा हललाच नाही?

सावनेर तालुक्यातल्या मुलांना संत्र्यांचा भाव कसा पडतो हे शिकवावं लागत नाही. अनेकांच्या घरी त्या भावावर वर्षाचं गणित बसतं किंवा बिघडतं. तरी हा प्रश्न बारावीच्या किंवा बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात टाकला, तर मनात आधी येणारं उत्तर एकच असतं : माल जास्त खपला, म्हणजे मागणी वाढली, म्हणजे वक्र उजवीकडे. हे उत्तर चूक आहे. केवळ भाव बदलल्यामुळे खप बदलला, तर आपण त्याच वक्रावर खाली-वर जातो. मागणीचा वक्र हलतो तो लोकांचं उत्पन्न, आवड किंवा लोकसंख्या बदलली तर. इथे सरकला तो पुरवठ्याचा वक्र. 'मागणीचा विस्तार' आणि 'मागणीतील वृद्धी' यांतला फरक पाठ्यपुस्तकात छापलेला असतो, मुलांनी तो पाठ केलेला असतो आणि 'फरक स्पष्ट करा' असा प्रश्न आला की त्याचे गुणही मिळतात. संत्र्याची पाटी समोर आली की मात्र पाठ केलेलं एका बाजूला राहतं आणि डोकं आपल्या जुन्या वाटेनं जातं.

वर्गात शंभर मुलं असतील तर त्यांतली किती जुन्या वाटेनं गेली, हे शिक्षकाला कसं कळावं? माझ्या मते मोठ्या वर्गाचा मुख्य प्रश्न हा आहे. जागा, पंखे, माइक या अडचणी खऱ्याच, पण त्या दिसतात. शंभर डोक्यांत काय चाललंय ते दिसत नाही. "समजलं का?" असं विचारलं की "हो सर" असा एकसुरी आवाज येतो आणि तो पुढच्या तीन बाकांवरून आलेला असतो. प्रश्न विचारला तर ठरलेले चार हात वर जातात. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं त्यांना दिसलं. तेवढ्या वेळात उत्तर ज्याच्या जिभेवर तयार असेल तोच बोलणार. शिक्षक तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली.

सावनेर हे नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, कापूस आणि संत्री. खापा, केळवद, पाटणसावंगी आणि लहान खेड्यांतून मुलं एसटीनं इथे शिकायला येतात. अशा गावच्या वर्गात गप्प राहण्याची कारणं शहरापेक्षा जास्त असतात. आपली बोली पुस्तकी नाही याचा संकोच असतो, गावातली चार ओळखीची पोरं हसतील याची धास्ती असते, आणि मुलींना तर वर्गात मोठ्यानं बोलायची सवय कुणी लागूच दिलेली नसते. अशा मुलीचं उत्तर बरोबर असो वा चूक, ते वर्षभर कुणाला कळत नाही. थेट निकालाच्या दिवशी कळतं.

विद्यार्थ्यांचा प्रतिसाद गोळा करणारं तंत्रज्ञान जन्मलं ते या अडचणीवर. त्याचा ढाचा साधा आहे. शिक्षक पर्यायी उत्तरांचा एक प्रश्न फळ्यावर मांडतो. प्रत्येक विद्यार्थी हातातल्या छोट्या यंत्रावर, म्हणजे क्लिकरवर, आपला पर्याय दाबतो. कुणी काय दाबलं हे शेजाऱ्याला कळत नाही, पण कोणत्या पर्यायाला किती मतं पडली हे शिक्षकाला काही क्षणांत दिसतं. आता यंत्राऐवजी मोबाइलही चालतो. कहूत, मेंटीमीटर अशी ॲप्स त्यासाठी आहेत आणि साध्या गूगल फॉर्मवरही काम भागतं.

या यंत्राला अर्थ दिला तो हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनी. त्यांची व्याख्यानं विद्यार्थ्यांना आवडत आणि अवघड गणितं त्यांचे विद्यार्थी सोडवत. इब्राहिम हल्लून आणि डेव्हिड हेस्टनेस या संशोधकांनी बल आणि गती यांच्या अगदी पायाभूत समजुती तपासणारी एक चाचणी तयार केली होती. मॅझूर यांनी ती आपल्या वर्गाला दिली आणि त्यांना धक्का बसला. आकडेमोडीत तरबेज असलेली मुलं साध्या प्रश्नांवर अडखळली. उदाहरणार्थ, सरळ वर फेकलेला दगड सर्वात उंच जागी क्षणभर थांबतो, तेव्हा त्यावर बल किती? 'शून्य' हे उत्तर फार जणांना खरं वाटतं, कारण वेग शून्य झालेला डोळ्यांना दिसतो. गुरुत्वाकर्षण मात्र त्या क्षणीही दगडाला खालीच ओढत असतं.

१९९१पासून मॅझूर यांनी तासाची रचनाच बदलली. थोडं बोलायचं, मग एक प्रश्न टाकायचा. प्रत्येकानं एकट्यानं विचार करून मत द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण तीस ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान असतील, तर उत्तर न सांगता मुलांना म्हणायचं : ज्याचं मत तुमच्याहून वेगळं आहे असा शेजारी गाठा आणि त्याला पटवा. दोन-तीन मिनिटं वर्गात गलका होतो. पुन्हा मत घ्यायचं आणि त्यानंतरच शिक्षकानं उलगडा करायचा.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा मधला गलकाच गळतो. यंत्र येतं, मत घेतलं जातं, पडद्यावर रंगीत आलेख दिसतो, लगेच 'बरोबर उत्तर क' असं जाहीर होतं आणि तास पुढे सरकतो. त्यानं शिकण्यात विशेष फरक पडत नाही. फरक त्या गलक्यानं पडतो आणि त्याचा चांगला पुरावा आहे. कोलोरॅडो विद्यापीठात मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी अनुवंशशास्त्राच्या साडेतीनशे विद्यार्थ्यांच्या वर्गात एक प्रयोग केला आणि तो २००९मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आला. त्यांना शंका होती की चर्चेनंतर बरोबर उत्तरं वाढतात ती मुलं हुशार शेजाऱ्याची नक्कल करतात म्हणून. त्यामुळे चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा दुसरा प्रश्न त्यांनी एकट्यानं सोडवायला दिला. पहिल्यांदा चुकलेली आणि चर्चेनंतर बरोबर आलेली जी मुलं होती, त्यांतल्या ७७ टक्क्यांना हा नवा प्रश्नही सुटला. नक्कल करणाऱ्याला तो सुटला नसता. मला याहून मोलाचं वाटतं ते दुसरं निरीक्षण : गटात सुरुवातीला कुणालाच उत्तर येत नसलं, तरी आपसांत बोलून मुलं बरोबर उत्तराकडे सरकतात.

सावनेरच्या वर्गात हा गलका कसा असेल याची कल्पना करता येते. "अबे, भाव पडला म्हणून तं जास्त घेतले न लोकायनं, मंग मागणी वाढली कशी?" "पण खप तं वाढला न!" "खप वाढला, पण उद्या भाव चढला तं पुन्हा कमीच घेतीन न?" दुसऱ्या मुलाचा गोंधळ नेमका कुठे आहे हे पहिल्याला ठाऊक असतं, कारण तो स्वतः काल तिथेच अडला होता. शिक्षक वीस वर्षांपूर्वी ते शिकलेला असतो आणि आपण कुठे अडलो होतो ते विसरलेला असतो. शिवाय हे बोलणं घरच्या बोलीत होतं, तिथे कुणाला चुकायची लाज नसते.

महाराष्ट्रात या पद्धतीची नीट नोंद ठेवून तपासणी झाली ती आयआयटी मुंबईत. तिथला संगणक प्रोग्रॅमिंगचा पायाभूत अभ्यासक्रम म्हणजे चारशेहून अधिक विद्यार्थ्यांचा वर्ग. अदिती कोठियाल, सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी तिथे 'आधी एकट्यानं विचार, मग जोडीनं, मग सर्वांसमोर' या क्रमाचे १३ उपक्रम बारकाईनं पाहिले. त्यांचं निरीक्षण २०१३मध्ये प्रसिद्ध झालं : सरासरी ८३ टक्के विद्यार्थी त्या वेळात पूर्णपणे किंवा बऱ्याच अंशी कामात गुंतलेले होते. एकट्याच्या टप्प्यात ते लिहीत होते, जोडीच्या टप्प्यात बोलत होते. चारशेच्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत हे घडू शकतं, हे त्यातून दिसलं. ज्या प्रयोगाला 'परदेशात ठीक आहे' असं म्हणून बाजूला सारता येत होतं, त्याला पवईतून उत्तर मिळालं. त्याच काळात आयआयटी मुंबईचे प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकारानं दूरस्थ केंद्रांतून हजारो प्राध्यापकांच्या कार्यशाळाही झाल्या, पण त्यांचा रोख मुख्यतः अभियांत्रिकीवर होता. तालुक्याच्या गावात कला-वाणिज्य शिकवणाऱ्यापर्यंत हा प्रवाह फारसा आला नाही, आणि सर्वात मोठे वर्ग तर त्याच्याच वाट्याला येतात.

खेड्यापाड्यांतल्या शाळांपर्यंत जे तंत्रज्ञान आलं ते वेगळ्या दिशेचं होतं. २०१५पासून जिल्हा परिषदेच्या शाळा लोकवर्गणीतून 'डिजिटल' झाल्या, भिंतीवर पडदे आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, त्यांना २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. हे काम मोठं आहे. पण पडदा आणि कोड यांतून मजकूर मुलापर्यंत जातो. मुलाकडून शिक्षकाकडे उलट जाणारी वाट अजून बांधायची आहे.

ती मोबाइलवरून बांधावी, असं पटकन वाटतं, कारण मोबाइल घरोघरी आला. मला ते पटत नाही आणि त्याचं कारण आकड्यांत आहे. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींचा २०२३चा 'असर' अहवाल सांगतो, की स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे अशी मुलं ४३.७ टक्के आहेत, तर मुली १९.८ टक्के. म्हणजे मोबाइलवर मत घ्यायचं ठरवलं, तर ज्या मुलीचा आवाज ऐकायला ही खटपट सुरू केली, तीच पहिल्या दिवशी वगळली जाते. भावाचा फोन मागून आणायला सांगणं हा उपाय नव्हे. शिवाय शंभर फोन वर्गात उघडे ठेवायचे, आणि नेटवर्क आलं-गेलं की तास थांबवायचा!

कागदाचं कार्ड ही अडचण सोडवतं. प्लिकर्स नावाच्या पद्धतीत प्रत्येक विद्यार्थ्याला एक छापील चौकोनी आकृती मिळते. ती कार्डाची कोणती बाजू वर धरली त्यावर अ, ब, क, ड ठरतं. अक्षरं कडेला बारीक छापलेली असतात आणि प्रत्येकाची आकृती वेगळी असते, त्यामुळे शेजाऱ्याचं पाहून धरता येत नाही. शिक्षक आपल्या एकट्याच्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि क्रमांकानुसार उत्तरं नोंदली जातात. इंटरनेट हवं ते फक्त शिक्षकाला. तयार संच ४० किंवा ६३ कार्डांचा असतो. शंभरच्या वर्गात ६३ पुरत नाहीत, पण दोघांत एक कार्ड दिलं तर १२६ जणांना पुरतात. तसं केलं तर प्रत्येकानं आधी आपलं उत्तर वहीत लिहिलंच पाहिजे, नाहीतर जोडीतला धीट तेवढा कार्ड फिरवत बसेल.

तेही नको असेल, तर चार रंगांचे पुठ्ठे कापून छातीशी धरायला सांगावे. कॅनडातले भौतिकशास्त्राचे अध्यापक नॅथॅनियल लासरी यांनी २००८मध्ये क्लिकर आणि साधी कार्डं यांची तुलना छापली. शिकवण्याची रीत तीच ठेवली, तर विद्यार्थ्यांच्या शिकण्यात दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. क्लिकरचा फायदा झाला तो शिक्षकाला : मोजणी अचूक झाली आणि नोंद राहिली. एखादं महाविद्यालय निधी आला म्हणून शंभर यंत्रांची खरेदी करायला निघालं असेल, तर त्यानं आधी हा निष्कर्ष वाचावा.

खरी मेहनत प्रश्न घडवण्यात आहे. 'घसारा म्हणजे काय?' यावर चार व्याख्या देऊन एक निवडायला सांगितली, तर पाठांतर तेवढं मोजलं जातं. त्याऐवजी असं विचारावं : सावनेरच्या एका जिनिंगवाल्यानं वर्षअखेरीस यंत्रावर ५०,००० रुपये घसारा लावला. त्यामुळे त्याच्याकडची रोकड किती कमी झाली? पर्याय : ५०,०००, त्याहून कमी, काहीच नाही, यंत्र विकल्यावर कळेल. घसारा हा खर्च म्हणून नफा-तोटा पत्रकात जातो, म्हणून तेवढे पैसे गल्ल्यातून गेले असं कित्येक मुलांना वाटतं. प्रत्यक्षात पैसे यंत्र घेताना गेले, घसाऱ्याच्या नोंदीनं एक रुपयाही हलत नाही. या प्रश्नात प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक समजूत उभी आहे आणि मतं पडली की ती समजूत किती डोक्यांत आहे ते दिसतं. चुकीचे पर्याय उगाच भरताडीचे असतील, तर त्यांतून शिक्षकाला काही कळत नाही.

भाषा-साहित्याच्या तासाला हे लागू नाही असं मानणारे भेटतात. सावनेरमध्ये तरी तसं मानू नये. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी याच गावात वारले आणि त्यानंतर त्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं. ते नाटक शिकवताना वर्गाला विचारावं : सिंधूच्या मरणाला सर्वात जास्त जबाबदार कोण? सुधाकर, तळीराम, तिचं स्वतःचं सोसणं, की तिला सोसायला शिकवणारा समाज? इथे बरोबर उत्तर नाही, त्यामुळे कार्ड चुकीचं धरल्याची भीती नाही. एकदा मत घ्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद आणि संहितेतला एक प्रसंग पुरावा म्हणून काढून दाखवायची अट. दुसऱ्या मताच्या वेळी किती जण हलले आणि कोणत्या प्रसंगामुळे हलले, यावर पुढचा अख्खा तास चालू शकतो. गाईडात छापलेलं स्वभावचित्र त्या तासाला कुणाच्या कामाला येत नाही. आणि मुलींचं मत मुलांहून वेगळं पडलं, तर वर्गाला त्याबद्दल बोलावंच लागेल.

एका गोष्टीबद्दल मी आग्रही आहे. या कार्डांना गुण जोडू नयेत आणि हजेरीही जोडू नये. क्रमांकानुसार नोंद होते म्हटल्यावर हा मोह व्यवस्थापनाला होणारच. मार्क जेम्स या अमेरिकी प्राध्यापकांनी २००६मध्ये दोन वर्गांतल्या चर्चा ध्वनिमुद्रित करून तपासल्या. ज्या वर्गात बरोबर उत्तराला जास्त गुण होते, तिथे जोडीतला जाणता विद्यार्थी बहुतेक बोलणं बळकावत होता. जिथे चुकल्याची किंमत नव्हती, तिथे दोघंही बोलत होते. शेवटच्या बाकावरच्या मुलीनं चुकीचं उत्तर मोकळेपणानं धरावं यासाठी तर हा खटाटोप आहे. त्या उत्तराचे गुण कापले जाऊ लागले, तर ती शेजारणीला विचारून कार्ड धरायला शिकेल.

विरोध विद्यार्थ्यांकडूनही होईल. हार्वर्डमध्येच लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये दाखवलं, की खटपट करून शिकलेल्या तासात विद्यार्थी जास्त शिकले होते, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. सराईत व्याख्यान ऐकताना सगळं सोपं वाटतं, तेव्हा डोक्याला ताण नसतो. सावनेरचा विद्यार्थी 'सर शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात' असं म्हणाला, तर त्यात नवल नाही. पहिल्याच आठवड्यात त्याला कारण सांगावं, आकड्यांसकट. २०१४मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, तंत्रज्ञान आणि गणिताच्या शिक्षणावरची २२५ संशोधनं एकत्र पाहिली. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं, तर विद्यार्थ्यांना गुंतवणाऱ्या वर्गात २१.८. नापास होणं म्हणजे काय हे इथल्या मुलांना सांगावं लागत नाही.

शिक्षकांची अडचण वेळेची आहे आणि ती खरी आहे. अभ्यासक्रम संपवायचा असतो, सुट्या आणि निवडणुकीची कामं असतात. तासाला दोन प्रश्न घेतले तरी पंधरा मिनिटं जातात. मग काहीतरी सोडावं लागेल. नोट्स उतरवून देणं सोडावं, असं मी म्हणेन. त्या छापून देता येतात.

असं काम टिकवायचं कसं, याचा धडा फार लांब नाही. सावनेरहून पांढुर्णा, बैतूल करत उत्तरेला गेलं की नर्मदापुरम, म्हणजे पूर्वीचं होशंगाबाद, लागतं. तिथे १९७२मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ सरकारी शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. तो पुढे जिल्हाभर पसरला आणि १९८२पासून 'एकलव्य' संस्थेनं चालवला. मुलं स्वतः प्रयोग करत, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवत आणि 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक माणसाला पत्रं लिहून काहीही विचारत. साहित्य साधं होतं, यंत्रं तर नव्हतीच. कार्यक्रम टिकून राहण्याचं एक मोठं कारण होतं शिक्षकांची मासिक बैठक : वर्गात काय फसलं, मुलांनी काय विचारलं, कोणता प्रश्न बदलायला हवा, हे शिक्षकच एकत्र बसून ठरवत. २००२मध्ये सरकारनं तो बंद केला. तोवर तीस वर्षं तो सरकारी शाळांतच चालला होता.

अशी बैठक सावनेर तालुक्यातल्या अर्थशास्त्राच्या किंवा वाणिज्याच्या शिक्षकांची भरवायला कुणाची परवानगी लागत नाही. कच्चा माल त्यांच्याकडे आधीच आहे. बोर्डाचे किंवा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे पेपर तपासताना तीच ती चूक गठ्ठ्यामागून गठ्ठ्यात दिसते. शिक्षक ती लाल शाईनं खोडतो आणि विसरतो. ती चूक मुलानं लिहिली त्याच शब्दांत वहीत टिपून ठेवावी, कारण पुढच्या वर्षीच्या प्रश्नातला सर्वात चांगला चुकीचा पर्याय तोच असतो. पाच शिक्षकांनी असे दहा-दहा प्रश्न मराठीत लिहिले, एकमेकांच्या वर्गात चालवून पाहिले आणि मतांची विभागणी प्रश्नाशेजारी लिहून ठेवली, तर वर्षभरात पन्नास पारखलेले प्रश्न हाती येतील. संत्र्यांचा भाव, जिनिंगचा घसारा, खाणीतल्या मजुरीवरून श्रमाची मागणी, एसटीच्या तिकिटावरून किमतीची लवचिकता असे पन्नास विषय काढायला या तालुक्याबाहेर जावं लागणार नाही. सुरुवात उन्हाळ्याच्या सुटीत करावी, कारण पेपर तपासून नुकतेच हातावेगळे झालेले असतात आणि चुका ताज्या आठवत असतात.